सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयातील चार दिवस

वर्ध्यापासून सुमारे ८ किलोमीटरवर असलेल्या सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाबद्दल माझे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचे वाचण्याची गरज उरणार नाही: ज्याच्या हाताशी वेळ आहे पण पैसा बेताचा आहे, आणि ज्याला आजाराचे कारण नीट शोधून हवे आहे, अशा माणसाने येथे अवश्य जावे. ज्याला स्वतंत्र खोली, दारात गाडी आणि तासाभरात सारे उरकणे हवे आहे, त्याने दुसरीकडे जावे. मी आईला घेऊन येथे चार दिवस राहिलो, आणि त्या चार दिवसांत या रुग्णालयाचा इतिहास मला जेवढा उमगला तेवढा लहानपणापासून ऐकूनही उमगला नव्हता.

आई ६८ वर्षांची, देवळी तालुक्यातील गावी राहणारी, गळ्यात तुळशीची माळ असलेली. गेली दहा वर्षे मधुमेहाची गोळी चालू आहे. दिवाळीनंतर तिला चार पावले चालले तरी धाप लागू लागली आणि संध्याकाळी पाय सुजू लागले. आधी आम्ही शहरातील एका खाजगी रुग्णालयात गेलो, त्याचे नाव येथे घेत नाही. तेथे पहिल्याच भेटीत अँजिओग्राफी करावी लागेल असे सांगण्यात आले, आणि खर्चाचा अंदाज विचारला तेव्हा ‘आधी भरती करा, मग बघू’ असे उत्तर मिळाले. आईने तेथल्या तेथे पदर खोचला आणि ‘मले सेवाग्रामले ने’ म्हणाली. वर्धा जिल्ह्यात हे वाक्य तीन पिढ्या म्हणत आल्या आहेत.

सकाळी नोंदणीच्या रांगेत उभे राहून कार्ड काढले. त्यावरचा क्रमांक संगणकात एकदा चढला की तपासणी, प्रयोगशाळा, औषधे आणि बिल असे सारे त्याच क्रमांकाने चालते, त्यामुळे कागद हरवला तरी माणूस हरवत नाही. मेडिसिन विभागाच्या बाह्यरुग्ण कक्षात आईला प्रथम एका तरुण निवासी डॉक्टरने पाहिले. अंगावर खादीचा सदरा, त्यावर पांढरा कोट. तिने यंत्राला हात लावण्याआधी आईला जीभ दाखवायला सांगितली. जीभ लाल आणि आरशासारखी गुळगुळीत होती. महिनाभर माझ्या डोळ्यांसमोर असूनही मला ती दिसली नव्हती. मग तिने एक दुशाखी धातूचा चिमटा तळहातावर आपटून तो घुमत असतानाच आईच्या पायाच्या अंगठ्यावर टेकवला आणि थरथर जाणवते का, असे विचारले. आईला काहीच जाणवत नव्हते, पण आवाज ऐकू येत होता. ‘पोरी, हा टाळ कायले वाजवून राहिली?’ असे तिने विचारल्यावर ती डॉक्टर मनापासून हसली आणि तिने पुढचा प्रश्न विचारला, ‘आजी, भाकर खाता की पोळी?’

दूध किती, दही किती, अंडी कधी खाल्ली का, मधुमेहाची गोळी नेमकी कोणती, किती वर्षांपासून, हे सारे तिने लिहून घेतले. नंतर वरिष्ठ डॉक्टरांनी पुन्हा तपासले, रक्त पाठवले आणि हृदयाची सोनोग्राफी करून घेतली. हृदय ठीक होते. हिमोग्लोबिन मात्र ६च्या खाली होते आणि त्याचे कारण बी-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता हे निघाले. शुद्ध शाकाहारी माणसाला ते मुळात कमी मिळते, आणि मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध वर्षानुवर्षे घेतले तर जे मिळते तेही आतड्यातून नीट शोषले जात नाही, असे आम्हाला समजावून सांगण्यात आले. उपचार म्हणजे बी-१२ची इंजेक्शने. चौथ्या दिवशी आई वॉर्डाच्या टोकापर्यंत न थांबता चालत गेली.

भाकरीच्या प्रश्नाला आईने दिलेले उत्तर मला आजही आठवते. ‘जवारी कोन पेरते आता? सारं सोयाबीन हाय.’ तिला ठाऊक नव्हते, पण या रुग्णालयाच्या इतिहासात ज्वारीला मोठे स्थान आहे. तिथवर येण्याआधी थोडे मागे जायला हवे.

गांधीजी १९३६ साली येथे राहायला आले तेव्हा या गावाचे नाव शेगाव होते आणि ते जमनालाल बजाज यांच्या मालगुजारीचे होते. बुलढाण्याच्या शेगावशी घोटाळा होऊन टपाल भलतीकडे जाऊ लागले, म्हणून १९४० साली त्याचे सेवाग्राम झाले. गावात हिवताप इतका होता की गांधीजींनाही पहिल्याच पावसाळ्यात त्याने गाठले. आश्रमात संस्कृत पंडित परचुरे शास्त्री कुष्ठरोग घेऊन आले, तेव्हा त्यांच्यासाठी वेगळी कुटी बांधली गेली आणि गांधीजी स्वतः त्यांच्या अंगाला मालीश करीत. तपासण्यांचे अहवाल यायला वेळ असला तर रुग्णाच्या नातेवाइकांनी आश्रमात जाऊन ही परचुरे कुटी पाहून यावी; बापूकुटीपुढे लोक रेंगाळतात आणि हिच्याकडे फारसे कोणी वळत नाही, पण पुढच्या साऱ्या रुग्णालयाचे बीज मला तिच्यात दिसते.

दिल्लीच्या लेडी हार्डिंज महाविद्यालयातून डॉक्टर झालेल्या सुशीला नय्यर, म्हणजे गांधीजींचे सचिव प्यारेलाल यांच्या धाकट्या भगिनी, या काळात आश्रमात आल्या आणि गावकऱ्यांना औषधपाणी देऊ लागल्या. १९४२च्या आंदोलनानंतर पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये गांधीजी आणि कस्तुरबा यांच्यासोबत त्याही स्थानबद्ध होत्या. कस्तुरबांच्या अखेरच्या आजारात त्यांची शुश्रूषा सुशीलाबहेननी केली. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा तेथेच गेल्या. त्यानंतर लवकरच सेवाग्रामला बिर्लांच्या अतिथिगृहात स्त्रिया आणि मुलांसाठी १५ खाटांचा दवाखाना सुरू झाला, आणि त्याला कस्तुरबांचे नाव मिळाले. पाहुण्यांसाठी बांधलेल्या इमारतीत खेड्यातील बाळंतिणींची सोय झाली, ही गोष्ट मला फार आवडते.

या १५ खाटांचे पुढे जे झाले ते एका बाईच्या चिकाटीने झाले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. सुशीला नय्यर १९६२ ते १९६७ या काळात केंद्रात आरोग्यमंत्री होत्या. १९६४ साली कस्तुरबा हेल्थ सोसायटी स्थापन झाली, आणि १९६९ साली, गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी, ६० विद्यार्थ्यांची पहिली तुकडी घेऊन महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. ग्रामीण भागात उभे राहिलेले देशातील पहिले वैद्यकीय महाविद्यालय म्हणून ती ओळखली जाते. खर्चाचा निम्मा वाटा केंद्र सरकार, पाव राज्य सरकार आणि पाव सोसायटी उचलेल, अशी व्यवस्था ठरली. ही संस्था सरकारी नाही आणि खाजगीही नाही, याचे मूळ या वाटणीत आहे. रुग्णाला त्याचा अनुभव असा येतो की येथे बिल आकारले जाते, पूर्ण फुकट काही नाही, पण ते बिल शेतमजुरालाही झेपेल असे असते. मंत्रिपद भोगलेली माणसे पुढे दिल्लीत बंगला धरून बसतात; या बाई सेवाग्रामला परतल्या आणि ३ जानेवारी २००१ रोजी येथेच त्यांचे निधन झाले.

आता ज्वारीकडे येतो. १९८०च्या सुमारास येथील मेडिसिन विभागातील डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आसपासच्या खेड्यांत आरोग्य विम्याची योजना रुजवली. ‘विमा’ हा शब्द तेव्हा खेड्यात कोणाला ठाऊक नव्हता आणि रोख पैसाही नव्हता, म्हणून वर्गणी ज्वारीत घ्यायची ठरली. पीक हाती आले की पायलीने मोजून ज्वारी गोळा करायची. भूमिहीनाने कमी द्यायची, शेतवाल्याने जमिनीच्या मानाने जास्त. गावातील किमान तीन चतुर्थांश कुटुंबे सामील झाली तरच ते गाव योजनेत घ्यायचे, नाहीतर ज्याच्या घरात आजार आहे तेवढाच वर्गणी भरणार आणि निधी बुडणार, हा हिशेब त्यामागे होता. अवचित आलेल्या आजारात रुग्णालयाचा खर्च माफ, मात्र बाळंतपण, हर्निया, मोतीबिंदू यांसारख्या आधी ठाऊक असणाऱ्या गोष्टींसाठी रुग्णाने काही हिस्सा भरायचा. आजारपणासाठी ‘ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे’ ही पद्धत कागदावर सगळेच मांडतात. येथे ती खळ्यावर उतरली. आज रुग्णालयाची विमा योजना रोख वार्षिक वर्गणीवर चालते आणि बिलात सवलत मिळते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही येथे लागू आहे. आईचे उत्तर ऐकल्यावर वाटले, की आमच्या शिवारातून ज्वारी गेली, भाकरी गेली आणि त्या मागोमाग ती पायलीही गेली.

आता खाटा हजाराच्या घरात आहेत. वर्धा जिल्ह्याबरोबरच यवतमाळ, चंद्रपूर, अमरावती, गडचिरोली आणि थेट तेलंगणाच्या आदिलाबादकडून रुग्ण येतात. आईच्या वॉर्डात शेजारच्या खाटेवर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची मुलगी होती, पलीकडे सर्पदंशातून वाचलेली एक शेतमजूर बाई होती. विदर्भात काय दुखते आहे हे पाहायचे असेल तर अहवाल चाळण्यापेक्षा या वॉर्डातून एक फेरी मारावी. मेळघाटात धारणीजवळच्या उतावली येथेही सुशीला नय्यर यांच्या नावाने संस्थेने रुग्णालय उभारले आहे. पण तेथे मी गेलेलो नाही, म्हणून त्याविषयी अधिक लिहीत नाही.

औषधांबाबत मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण माझ्या मते या सेवेची खरी परीक्षा तेथे आहे. डॉक्टर चिठ्ठीवर कंपनीचे नाव न लिहिता औषधाचे मूळ नाव लिहितात, आणि आवारातील औषध दुकानात तीच जेनेरिक औषधे अल्प दरात मिळतात. आईची रक्तदाबाची गोळी आम्ही गावाजवळच्या दुकानातून वर्षानुवर्षे घेत होतो. येथे मिळालेल्या पट्टीवर मोठ्या अक्षरांत फक्त ‘ॲम्लोडिपिन’ असे होते. मी जुनी पट्टी शेजारी धरून बारीक अक्षरे वाचली, तर तिच्यातही तेच आणि तेवढेच. किमतीत कितीतरी पटींचा फरक होता. येथील डॉक्टर पूर्णवेळ असतात, त्यांना खाजगी व्यवसाय करण्याची मुभा नाही. त्यामुळे ‘संध्याकाळी माझ्या दवाखान्यात या’ हे वाक्य कानावर पडत नाही. कोणती तपासणी कशासाठी, हे विचारले तर उत्तर मिळते. आईची अँजिओग्राफी का केली नाही, असे मीच विचारले, तेव्हा वरिष्ठ डॉक्टरांनी रक्ताचा अहवाल माझ्यापुढे ठेवून दोन मिनिटांत ते समजावले.

शिक्षण देणारे रुग्णालय असल्याने विद्यार्थी खाटेभोवती जमतात आणि तीच कहाणी तीनदा सांगावी लागते. काहींना याचा त्रास होतो. आईला मात्र ते आवडले, कारण घरी तिची कहाणी एकदाही कोणी पूर्ण ऐकत नाही. या मुलांना पहिल्या वर्षी आश्रमात शिबिरात राहावे लागते, खादी वापरावी लागते, आणि प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. तेथे पंधरा दिवस मुक्काम करून प्रत्येक विद्यार्थ्याकडे काही कुटुंबे सोपवली जातात आणि पुढची वर्षे त्यांना त्या घरी जात राहावे लागते. बाहेरच्याला ही जुन्या काळची शिस्त वाटेल. मलाही तसेच वाटत असे, पण भाकरीचा प्रश्न विचारणारी डॉक्टर कुठून तयार होते याचे उत्तर मला त्या दत्तक गावात सापडले.

जाणाऱ्यांसाठी थोडी व्यवहाराची माहिती. एवढ्या मोठ्या रुग्णालयात बाह्यरुग्ण तपासणीसाठी अख्खा दिवस हाताशी ठेवावा आणि सकाळी लवकर पोहोचावे. वर्ध्याहून ऑटो सतत मिळतात. जुने कागद, आणि विशेषतः चालू औषधांच्या पट्ट्या, सोबत न्याव्यात; नुसते ‘पांढरी गोळी’ म्हणून सांगितले तर डॉक्टरांचा वेळ जातो. रेशनकार्ड आणि आधार कार्ड विसरू नये, योजनेसाठी ती लागतात. रुग्णासोबत एक माणूस राहील अशी तयारी असावी, आणि त्याला तंबाखूची सवय असेल तर त्याने ती आवाराबाहेर ठेवून यावी. खाण्यापिण्याचे सारे साधे आणि शाकाहारी आहे. सामान्य वॉर्डात पडदे आणि एकांत यांची अपेक्षा धरू नये. एका खाटेचे दुःख येथे शेजारच्या चार खाटांना ठाऊक असते, आणि डबाही तसाच वाटून खाल्ला जातो.

आईला आता महिन्यातून एकदा इंजेक्शन घ्यायचे आहे, आणि ते गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात घेतले तरी चालेल असे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. तिला ते मान्य नाही. पुढच्या तारखेला त्या टाळवाल्या पोरीला दाखवायलाच जायचे, असे तिने ठरवले आहे, आणि मळ्याच्या बांधावर घरापुरती दोन ओळी ज्वारी पेरायला मला सांगितले आहे.