गवत कापण्याच्या यंत्राची बॅटरी उतरते: नवी आणावी की आधी दोष शोधावा?

बसून चालवायच्या गवत कापण्याच्या यंत्राची 12 व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी वारंवार उतरू लागली की थेट नवी बॅटरी आणणे हा झटपट मार्ग असतो आणि बॅटरी पाच-सहा वर्षे जुनी असेल तर तो बहुधा योग्यही ठरतो. परंतु दोष वायरिंगमध्ये किंवा चार्जिंगमध्ये असेल, तर नवी बॅटरीही तशीच उतरते.

आधी दोष शोधण्याच्या दुसऱ्या मार्गाला मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचे उपकरण) आणि थोडा धीर लागतो. बॅटरी पूर्ण चार्ज करून काही तास तशीच ठेवावी, व्होल्टेज सुमारे 12.6 आहे याची खात्री करावी आणि ऋण टोकाची वायर रात्रभर काढून ठेवावी. सकाळी आकडा बराच घसरला असेल, तर दोष बॅटरीचाच; मात्र तो टिकला आणि वायर जोडलेल्या रात्री घसरला, तर वीज यंत्रात कुठेतरी झिरपते आहे व इग्निशन स्विचपासून तपासणी सुरू करावी. इंजिन वेगात असताना बॅटरीच्या टोकांवर साधारण 13.5 ते 14.5 व्होल्ट मिळत नसतील, तर स्टेटर (इंजिनातील वीज निर्माण करणारा भाग) किंवा रेग्युलेटर (चार्जिंगचे व्होल्टेज नियंत्रित करणारा भाग) यांवर संशय घ्यावा.

मला दुसराच मार्ग पटतो, कारण शिसे आणि आम्ल असलेली चांगली बॅटरी अकारण भंगारात जाऊ नये.