किटी टर्मिनल : कळफलक सुधारला, सर्व्हर मात्र १९७८मध्येच

लिनक्स आणि मॅकओएसवर चालणारे किटी हे मुक्त टर्मिनल (आज्ञा टंकून संगणक चालवण्याची विंडो) ‘कॅलिबर’ या ई-पुस्तकांच्या सॉफ्टवेअरमुळे परिचित असलेल्या कोविद गोयल यांनी घडवले आहे. ते वेगवान आहे, विंडोतच चित्रेही दाखवते. पण त्याचे खरे मोल कळफलकाच्या हाताळणीत आहे.

डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचे व्हीटी१०० हे टर्मिनल, तेव्हा पडदा आणि कळफलक असलेले यंत्रच, १९७८ साली आले आणि त्याच्या एस्केप संकेतांची (कळा व आज्ञा कळवणाऱ्या कोडमालिकांची) पद्धत आजही सर्वत्र चालते. तीत कंट्रोल-आय आणि टॅब या दोहोंतून ९ हाच कोड जातो, त्यामुळे नेमके काय दाबले हे एडिटरला कळायला मार्गच नसतो. एस्केपची तऱ्हा तर त्याहून न्यारी: बाणांच्या कळांचा संकेतही २७ या तिच्याच कोडने सुरू होतो, म्हणून नुसती एस्केप दाबली तरी मागून आणखी काही येते का, याची प्रोग्राम वाट पाहतो, आणि टर्मिनलवरचे अनेक प्रोग्राम वापरतात त्या एनकर्सेस लायब्ररीत ही मुदत मुळात तब्बल १००० मिलिसेकंदांची आहे. दाबलेली कळ प्रोग्रामला कळवण्याचा किटीचा स्वतःचा प्रोटोकॉल आहे, त्यात हा संभ्रम उरत नाही. निओविम आणि हेलिक्स या एडिटरांनी तो स्वीकारला; अ‍ॅलाक्रिटी, घोस्टी या प्रतिस्पर्धी टर्मिनलांनीही तो उचलला, ही मोठीच पावती.

तरीही जुने का हटत नाही, हे किटीतून एखाद्या जुन्या सर्व्हरवर एसएसएच केले, म्हणजे दुरून त्यात शिरले, की कळते. किटी आपले नाव ‘एक्सटर्म-किटी’ सांगते, सर्व्हरच्या टर्मइन्फो या टर्मिनलांच्या माहितीच्या संग्रहात त्याची नोंद नसते आणि टॉप किंवा नॅनो यांसारखे साधे प्रोग्राम सुरूच होत नाहीत. किटीसोबतचे ‘एसएसएच किटन’ हे छोटे साधन ही नोंद तिकडे पोहोचवते खरे, परंतु प्रशासकाचे अधिकार देणारी सुडो आज्ञा वापरताच ती पुन्हा दिसेनाशी होऊ शकते. मग माणूस किटीच्या कॉन्फिगमध्ये ‘एक्सटर्म-२५६कलर’ हे सर्वत्र ओळखले जाणारे जुने नाव लिहून मोकळा होतो. टर्मिनल, टीमक्स (एका टर्मिनलात अनेक सत्रे चालवणारा प्रोग्राम), सर्व्हर आणि प्रोग्राम हे चौघे कोणा एकाच्या ताब्यात नसल्याने प्रत्येक जण सर्वांना हमखास समजेल तेवढेच गृहीत धरतो. खुद्द किटीही प्रोग्रामने मागणी केल्याशिवाय नवे संकेत पाठवत नाही. हा निर्णय शहाणपणाचाच आहे, कारण एरवी जुने प्रोग्राम कोलमडले असते. मात्र त्यामुळेच जुन्या पद्धतीवर बदलाचा दबाव येत नाही.

देवनागरीची अडचण वेगळी आहे: जोडाक्षराने किती रकाने व्यापले याचा हिशेब प्रोग्राम आणि टर्मिनल स्वतंत्रपणे करतात, आणि तो जुळला नाही की कर्सर भरकटतो. ही रुंदी स्पष्ट कळवण्याची सोयही किटीने दिली आहे, पण ती वापरणारे प्रोग्राम अजून मोजकेच आहेत.

स्वतःच्या संगणकावर निओविममध्ये दिवस घालवणाऱ्याने किटी अवश्य घ्यावे. दिवसभर परक्या सर्व्हरांवर वावरणाऱ्याला त्याचा फायदा निम्माही मिळणार नाही.