फौंड्रीतील कामाची पद्धत : लेखी शिस्त की जागेवरचा निर्णय?

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील शेडमध्ये सुटे जॉब ओतणाऱ्या फौंड्रीला (धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्याला) वाहन उद्योगाचे नियमित काम मिळाले, आणि तिने शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या वसाहतीत विस्तार करायचे ठरवले, की मालकाला एक निवड करावी लागते. प्रत्येक टप्पा लिहून काढून त्याबरहुकूम काम चालवायचे, की आजवर ज्याच्या भरवशावर कारखाना उभा राहिला त्या मिस्त्रीकडेच निर्णय ठेवायचा? भट्टीला जे मानवते ते सँडला (साच्याच्या वाळूला) मानवेलच असे नाही, त्यामुळे ही तुलना विभागवारच करावी लागते.

भट्टीच्या बाबतीत लेखी पद्धत निःसंशय सरस आहे. एसजी आयर्न (ज्यात ग्राफाइट गोल कणांच्या रूपात असते ते बीड) ओतताना मॅग्नेशियमची प्रक्रिया झाल्यावर लॅडलमधील (ओतण्याच्या भांड्यातील) धातूवरचा तिचा परिणाम मिनिटागणिक ओसरत जातो. ओतकाम लांबले तर ग्राफाइटचे गोल कण नीट बनत नाहीत आणि कास्टिंगची (ओतलेल्या भागाची) ताकद घटते, पण बाहेरून पाहताना त्यात काहीच खोट दिसत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली किंवा चाचणीत ती सापडली तर ठीक; एरवी ती ग्राहकाच्या हाती पडते. ‘अजून दोन बॉक्स (साचे) भरतील’ हा मोह धातू वाया जाऊ नये या चांगल्या हेतूनेच होतो, म्हणूनच वेळेची मर्यादा आणि उरलेला धातू परत घेण्याचा अधिकार आधी लिहून ठेवला पाहिजे. तो नियम मालकानेही पाळायला हवा. घाईच्या दिवशी मालकाने एकदा सूट दिली की त्या कागदाला कोणी विचारत नाही.

सँडच्या बाबतीत मात्र पारडे दुसऱ्या बाजूला झुकते. ग्रीन सँड (पाणी आणि चिकणमाती मिसळलेली ओली वाळू) पुन्हा पुन्हा वापरली जाते, ती बॉक्समधून तापलेली परत येते, आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात नव्याने मिसळायची वाळूसुद्धा दमट असते. अशा वेळी ‘प्रत्येक बॅचला इतके लिटर पाणी’ असा नियम केला तर तो नियमच रिजेक्शनचे कारण ठरतो. येथे ओलावा आणि कॉम्पॅक्टेबिलिटी (सँड दाबल्यावर किती बसते याचे माप) यांची मर्यादा ठरवून द्यावी, आणि त्या मर्यादेत पाणी व बेंटोनाइट (सँड बांधून ठेवणारी चिकणमाती) किती घालायचे हे मिक्सरवरच्या माणसाला ठरवू द्यावे. मुठीत सँड दाबून तिचा कस ओळखणाऱ्या मिस्त्रीचे ज्ञान खरे असते. अडचण एवढीच की तो रजेवर गेला की ते ज्ञानही रजेवर जाते. त्याने त्या दिवशी काय बदल केला आणि का, याची एका ओळीची नोंद ठेवली तर दुसऱ्या पाळीलाही तिचा उपयोग होतो.

जॉबच्या क्रमवारीबद्दल फारसे लिहिण्याची गरज नाही : सुट्या कामात ती सुपरवायझरने ठरवावा, नियमित कामात डिलिव्हरीच्या वेळापत्रकाने.

लेखी पद्धत म्हणजे बदलाला बंदी, हा समज चुकीचा आहे. आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत गुणवत्ता पुस्तिकासुद्धा अनिवार्य राहिलेली नाही, आणि वाहन उद्योगासाठीचे आयएटीएफ १६९४९ हे मानक प्रक्रिया-नियंत्रणाच्या पर्यायी पद्धती आधीच ठरवून ठेवायला सांगते. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेच्या पुरामुळे शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला. अशा दिवसांत ठरलेल्या पुरवठादाराचा माल येत नसेल तर पर्यायी माल कोणत्या तपासणीनंतर आणि कोणाच्या सहीने वापरायचा, हे कोरड्या दिवसांतच ठरलेले असावे.

माझे मत असे की निवड करताना प्रत्येक टप्प्याला एकच प्रश्न विचारावा : येथे झालेली चूक केव्हा दिसते आणि कोणाला दिसते? मोल्ड (साचा) ढासळला तर तो जागेवरच दिसतो, सँड परत मिक्सरमध्ये जाते आणि नुकसान थोडक्यात आटोपते. तेथे मोकळीक परवडते. जी चूक मशिनशॉपमध्ये किंवा त्याही पुढे उघडी पडते, तेथे ती परवडत नाही. म्हणून सगळा कारखाना एकदम कागदावर आणण्याऐवजी भट्टीपासून सुरुवात करावी, हीट नंबर (भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूचा क्रमांक) प्रत्येक कास्टिंगपर्यंत पोहोचेल अशी व्यवस्था करावी, आणि भट्टीचे नियम लिहिताना मिस्त्रीला शेजारी बसवून घ्यावे.