कुंभार्ली घाट उतरण्याआधी थांबावं असं हॉटेल

घाटातल्या थांब्याला मी मार्क देते ते तिथून निघाल्यावरच्या पहिल्या तीन वळणांवर. नजर आपोआप वळणाच्या पलीकडच्या टोकाला जात असेल, खांदे सैल असतील, ब्रेकवरची बोटं आवळलेली नसतील, तर थांबा चांगला. पोट जड झालंय, डोळ्यावर झापड येतेय, नाहीतर लघवी दाबून धरल्याने पाठ ताठ झालीय, तर तिथला चहा कितीही फक्कड असू दे, माझ्या लेखी तो थांबा बाद. कराड-चिपळूण रस्त्यावरचं एक छोटं घरगुती हॉटेल या परीक्षेत दर वेळी पास होतं. त्याच्याबद्दल सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

माझं सासर कराड, माहेर चिपळूण. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास आणि मध्ये कुंभार्ली घाट. लग्नानंतर सुरुवातीला एसटीने जायचे, मग १५० सीसीची गाडी घेतली. आईला भेटायला जायचं असतं, त्यामुळे ऋतू निवडायची सोय नाही. जुलैचा पाऊस, जानेवारीतलं धुकं, एप्रिलचं ऊन, सगळ्यात हा घाट केला आहे. आणि मला हा रस्ता मनापासून आवडतो. आईकडे जायचं नसतं तरी मी या घाटात गेले असते.

हा थांबा इतका महत्त्वाचा का, हे कळायला रस्ता समजून घ्यावा लागतो. कराडहून मल्हारपेठ, पाटण असं कोयनेच्या सोबतीने जायचं. कोयना महाबळेश्वरला उगम पावते, दक्षिणेकडे हेळवाकपर्यंत येते, तिथे पूर्वेला वळते आणि कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. आपण नदीच्या उलट दिशेने चाललेलो असतो, पण चढ इतका संथ की जाणवतही नाही. दीड-दोन तास गाडी चौथ्या-पाचव्या गिअरात निवांत पळते आणि त्या लयीत डोकंही सुस्तावतं. कोयनानगर मागे पडलं की थोड्याच वेळात घाटमाथा येतो आणि तिथून सह्याद्री एकदम पोफळीपर्यंत खाली कोसळतो. देशावरून कोकणात जाणाऱ्याला हा घाट चढायचा नसतोच, थेट उतरायचा असतो. सुस्तावलेलं डोकं घेऊन उतरायची ही जागा नव्हे. म्हणून थांबायचं ते घाट सुरू व्हायच्या आधी. घाटात मध्येच गाडी लावून फोटो काढणं वेगळं, त्याला मी विश्रांती म्हणत नाही.

हे हॉटेल नेमकं तिथे आहे. कोयनानगर सोडून घाटमाथ्याकडे जाताना डाव्या हाताला निळा पत्रा दिसतो, पुढे फणसाचं जुनं झाड, बुंध्याला पांढरा-तांबडा पट्टा. पाटी आहे ती एका मसाल्याची जाहिरात. हॉटेलचं स्वतःचं नाव कुठेच लिहिलेलं नाही, जाणारे-येणारे ‘मावशींचं हॉटेल’ म्हणतात.

आता गाडी लावायची जागा. खाण्याच्या आधी मी याबद्दल बोलते, कारण दुचाकीवाल्याचं निम्मं समाधान इथेच ठरतं. डोंगरातल्या बहुतेक टपऱ्यांपुढे उतार असतो, नाहीतर तांबडी भुसभुशीत माती. साईड स्टँड डावीकडे असतो. डावीकडची जमीन वर असली की गाडी जास्तच उभी राहते आणि धक्का लागला की उजवीकडे कोसळते. डावी बाजू खाली असली की इतकी कलते की भरलेल्या बॅगांसकट उचलताना कंबर जाते. पावसात मातीत स्टँड रुतत जातो आणि आपण आत चहा पीत असताना गाडी हळूहळू झुकत असते. मावशींनी फणसाखाली शहाबादी फरशीचे तुकडे बसवून घेतलेत. पाच-सहा गाड्या सपाटीवर, आतल्या बाकावरून दिसतील अशा उभ्या राहतात. जागा भरली असेल तर कडेला चपटे दगड रचून ठेवलेत, स्टँडखाली घालायला. ही युक्ती त्यांच्या यजमानांची. त्यांनी याच घाटात बरीच वर्षं ट्रक चालवला आणि आता गल्ल्यावर बसतात.

आत गेलं की मावशींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “ताई, खाली निघालायसा का चढून आलायसा?”

तुमच्या उत्तरावर तुमचं ताट ठरतं. खाली निघालाय म्हटलं की त्या सांगतात, “मग भात नगं. झोप येती.” आणि अर्धी भाकरी, पिठलं, खर्डा, वाटीभर ताक पुढे येतं. भाकरी बहुतेक वेळा तांदळाची, थंडीत नाचणीची. पिठलं पातळसर, लसणाची फोडणी तळापर्यंत उतरलेली. खर्डा पाट्यावरचा, त्यात शेंगदाणा जरा जास्त, त्यामुळे तोंड भाजत नाही पण डोळे उघडतात. एवढ्यावर उठलं की पोटाला आधार मिळतो आणि अंग हलकं राहतं. चिपळूणहून चढून आलेल्याला मात्र पूर्ण जेवण मिळतं: आमटी, भात, एखादी उसळ, पापड. पुढे कराडपर्यंत सरळ रस्ता, शिवाय चढताना हात-खांदे दमलेले असतात, तेव्हा हेही बरोबरच. गिऱ्हाईक जास्त खाऊ दे असं वाटणारी हॉटेलं सगळीकडे आहेत. निम्मं ताट वाढून “बास, आता निघा” म्हणणारं हॉटेल मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

चहा गोड असतो, फार गोड. साखर कमी म्हणून आधीच सांगावं, मग वेगळ्या पातेलीत करून देतात. भजी मागवली तर कांद्याची मागवा. बटाट्याची भजी तेल फार पितात.

काकांचा गल्ला म्हणजे घाटाचं चौकशी केंद्रच. वर आलेला प्रत्येक ट्रकवाला त्यांना रस्त्याची खबर देतो आणि ती ते खाली जाणाऱ्याला न विचारता सांगतात. कुठल्या वळणावर खडी सांडलीय, कुठे कंटेनर अडकलाय, धुकं कुठून सुरू होतंय. मागच्या पावसाळ्यात मी हेल्मेट चढवत होते तेव्हा म्हणाले, “चौथ्या वळणाला डिझेल सांडलंय, आतल्या अंगाला. पावसानं पसरलंय, बाहेरनं घ्या, पण हॉर्न दिऊन.” खाली गेले तर डांबरावर इंद्रधनुष्याचे रंग पसरलेले होते. मोबाईलवर असली माहिती मिळत नाही, आणि मिळाली असती तरी तिथे रेंज नाही.

नवीन पोरं दिसली की काका त्यांना एकच गोष्ट सांगतात, ज्या गिअरात चढायचं त्याच गिअरात उतरायचं. ऐकायला जुनाट वाटतं, पण त्यामागचं कारण पक्कं आहे. वरच्या गिअरात नाहीतर क्लच दाबून गाडी सोडली की सगळा भार ब्रेकवर येतो. लांब उतारावर ब्रेक सतत घासला की लायनर आणि पॅड तापतात, पकड कमी होते. डिस्क ब्रेक असेल तर आतलं ब्रेक ऑइल उकळायला लागू शकतं आणि लिव्हर मऊ पडतो, दाबला तरी काही होत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरात इंजिन गाडीला मागे खेचून धरतं आणि ब्रेक वळणाच्या तोंडाशी वापरायला ताजा राहतो. वळणाआधी वेग कमी करायचा, वळणात नाही. आणि चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा तर कायद्यातलाच नियम आहे. या घाटात भरलेले ट्रक वर येत असतात. यू वळणावर त्यांना सगळी रुंदी लागते. तिथे आपण उतरणाऱ्यांनी थांबायचं, घुसायचं नाही.

बायकांसाठी सगळ्यात महत्त्वाचं: संडास-बाथरूम आहे, मागच्या बाजूला, आणि स्वच्छ आहे. पाण्याची टाकी भरलेली असते, मग असतो, साबणसुद्धा. कराडपासून इथपर्यंत बाईमाणसाने निर्धास्त जावं अशी सोय मला दुसरी सापडलेली नाही. यासाठी म्हणून मी पाणी कमी पिऊन गाडी चालवणाऱ्या मैत्रिणी पाहिल्या आहेत, आणि उन्हाळ्यात ते धोक्याचं आहे. अंगातलं पाणी कमी झालं की डोकं दुखतं, लक्ष उडतं. पण कडी सैल आहे, एका हाताने दार धरून ठेवावं लागतं, आणि दिवा नाही. पावसाळ्यात दुपारी चारलाही आत काळोख असतो. मावशींना मी सांगितलं आहे, दर वेळी सांगते. एवढं चांगलं ठेवलंय तर कडी आणि बल्ब एवढ्यासाठी अडू नये.

दुसरी तक्रार, गाड्या धुणाऱ्या मुलाबद्दल. चिखल बघून तो उत्साहाने पाइप घेऊन धावतो. घाट चढून आल्या आल्या इंजिन तापलेलं असतं, त्याच्यावर गार पाण्याचा फवारा मारणं बरं नव्हे. त्याला म्हणावं, बाळा, माझं जेवण होऊ दे, मग मार.

घाटमाथ्यावर माकडं आहेत आणि लोक गाडीतून त्यांना बिस्किटं टाकतात. मग ती वळणावरच ठाण मांडतात आणि दुचाकीसमोर येतात. मावशींकडे माकडांना घालायला म्हणून काही मिळत नाही, मागितलं तरी देत नाहीत. माझ्या दृष्टीने हा मोठा गुण आहे.

चुलीपाशी मावशींच्या सासूबाई बसलेल्या असतात, ऐंशीच्या पुढच्या. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा त्या नव्या नवरी होत्या. घराची भिंत पडली, तेव्हापासून डोक्यावर जड काही नको म्हणून कौलं नाहीत, पत्रा. पावसाळ्यात नवजा, कोयनानगर, महाबळेश्वर ही तीन नावं पेपरात रोज असतात, आणि त्या पावसात या पत्र्याखाली बोललेलं ऐकू येत नाही. तेव्हा आजी नुसतं हाताने बसा म्हणतात. बसावं.

साताऱ्याकडच्या बाकीच्या थांब्यांबद्दल थोडक्यात. पसरणी घाटात मध्यावर कणसं आणि खाली वाईचा देखावा झकास, पण गाड्या वळणालगत लागतात, मला तिथे स्वस्थ बसवत नाही. आंबेनळी घाट उतरायचा तर प्रतापगडाच्या फाट्याला, वाडा कुंभरोशीत थांबावं, पुढच्या उतारासाठी ती जागा बरोबर पडते. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या बघत चहा प्यायला मजा येते, पण तिथला आडवा वारा हलकी गाडी ढकलतो. आडोशाला लावा आणि निघताना टाकीवर जरा वाकूनच निघा. कासला फुलांच्या दिवसांत शनिवार-रविवारी जाऊच नये, यवतेश्वरचा घाट गाड्यांनी भरून जातो आणि चालवण्याचा आनंद उरत नाही. यातली कुठलीच जागा वाईट नाही. पण तुम्ही पुढे काय चालवणार आहात हे विचारून ताट वाढणारं तिथे कोणी नाही.

जाणाऱ्यांनी सुटे पैसे जवळ ठेवावेत, रेंज नसल्याने मोबाईलवरून पैसे जात नाहीत. चार-पाच जणांपेक्षा मोठा ग्रुप असेल तर एकदम धडकू नका. चूल एक आहे आणि भाकऱ्या मावशी एकट्या थापतात, अर्धा तास जाईल. सकाळी लवकर उघडतं, अंधार पडायच्या सुमाराला बंद होतं. रात्री उतरायची वेळ आलीच तर जेवणाचं पाटणलाच बघून घ्यावं, आणि धुकं असेल तर मुक्कामाचंही.