20,500 रुपये घेतले आणि डिफरेन्शियलला बाथरूमचं सिलिकॉन फासलं

जुन्या थारच्या मागच्या डिफरेन्शियलला (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा ॲक्सलवरचा गिअरचा डबा) ॲल्युमिनियमचं कव्हर बसवायचा विचार असेल तर आधी हे वाचा. पुण्यात ऑफरोडचं काम करतो म्हणवणाऱ्या एका गॅरेजने माझ्याकडून घेतलेले पैसे असे: कव्हर 14,500, मजुरी 2,500, सिंथेटिक गिअर ऑइल तीन लिटर 2,850, ‘इम्पोर्टेड’ गॅस्केट मेकर (सांध्यातून ऑइल गळू नये म्हणून लावायचं सिलिकॉन) 650. एकूण 20,500 रुपये, तेही आगाऊ. बदल्यात हातात कच्ची चिठ्ठी, त्यावर जीएसटी नंबर नाही. पक्कं बिल मिळाल्याशिवाय एक रुपया सोडू नका.

खरी गोष्ट तिथेच कळायला हवी होती, सिलिकॉनची नळी फोडली तेव्हा. बंदुकीने दाबायची मोठी नळी, पारदर्शक माल आणि व्हिनेगरसारखा आंबट वास. बेसिनच्या फटी भरायचा माल तो! सुकताना ॲसिड सोडतो, ओतीव लोखंडाला गंज चढवतो आणि गिअर ऑइलमध्ये फुगून सुटतो. मी विचारलंही, ‘हे ऑइलला टिकेल का?’ ‘साहेब, मोठ्या मोठ्या गाड्यांना हेच लावतो,’ असं छातीठोक उत्तर मिळालं. आता लोक मलाच विचारतात, तू गप्प का बसलास? अरे, गाडी जॅकवर, कव्हर उघडं, पैसे त्याच्या खिशात. तिथून गाडी ओढून न्यायची कशी?

तासाभरात ऑइल भरून चावी हातात दिली. इथेच काम बाद होतं. आरटीव्ही, म्हणजे हवेत पिकणारं गॅस्केटचं सिलिकॉन, पूर्ण पिकायला साधारण 24 तास लागतात, त्याआधी ऑइल भरलं की ओला थर आतून धुतला जातो.

नीट काम असं होतं. आधी भरायचा प्लग सुटतो का ते बघायचं, नाहीतर ऑइल काढून बसाल आणि भरता येणार नाही. वरचे दोन बोल्ट अर्धवट ठेवून बाकीचे काढायचे, खालून कव्हर उचकटायचं, ऑइल ट्रेमध्ये. जुना थर खरवडताना कचरा क्राऊनवर (आतल्या मोठ्या गिअरवर) पडू द्यायचा नाही. दोन्ही तोंडं ब्रेक क्लीनरने पुसून कोरडी ठणठणीत. गिअर ऑइल झेलणाऱ्या न्यूट्रल (ॲसिड न सोडणाऱ्या) आरटीव्हीची पाच-सहा मिलिमीटरची सलग रेघ भोकांच्या आतल्या बाजूने, शिवाय प्रत्येक भोकाभोवती गोल. बोल्ट आधी हाताने, मग समोरासमोर आवळत टॉर्क पान्याने मॅन्युअलच्या आकड्यापर्यंत. जाड कव्हरला लांब बोल्ट लागतात, पण फार लांब बोल्ट भोकाच्या तळाला टेकतो. पान्याला घट्ट लागतो आणि कव्हर मात्र सैलच. जुने आखूड बोल्ट वापरले तर दोन-तीन आट्यांवरच सगळा भार, तेही जातात.

माझ्या गाडीखाली दुसऱ्याच दिवशी पार्किंगच्या फरशीवर ऑइलचं थारोळं. दुसऱ्या मेस्त्रीकडे उघडलं तर ऑइलमध्ये सिलिकॉनचे शेवयांसारखे धागे. ते बेअरिंगच्या ऑइलच्या वाटेत अडकले तर बेअरिंग कोरडं पडून जळतं. चिठ्ठीत तीन लिटर, निघालं दोन लिटरसुद्धा नाही, आणि तेही काळं, जळका वास येणारं. नवं ऑइल सोनेरी असतं, एका दिवसात काळं होत नाही. म्हणजे माझंच जुनं परत ओतलं होतं! कव्हर काचेवर पालथं ठेवलं, कडेखालून 0.5 मिलिमीटरचा फीलर (फट मोजायची पट्टी) आरपार गेला, म्हणजे तोंड सपाट नाहीच. ओतलेलं कव्हर मशीनिंग न करता नुसतं ग्राइंडर मारून, रंगवून, परदेशी स्टिकर लावून विकलं होतं. कंपनीचं मूळ कव्हर, गॅरेजवाल्याच्या म्हणण्यानुसार, ‘भंगारात गेलं’. काढलेला पार्ट तिथल्या तिथे ताब्यात घ्या. आणि खोक्यावर एमआरपी, आयातदाराचा पत्ता, देशाचं नाव नसेल तर तो माल इम्पोर्टेड म्हणून घेऊ नका.

जिप्सीवाल्यांनी तर या भानगडीत पडूच नये. तिच्या ॲक्सलची मागची बाजू वेल्ड केलेली असते, डिफरेन्शियल पुढून निघतं. कुणी जिप्सीला मागचं कव्हर ‘बदलून’ देतो म्हणाला तर तिथून निघा.

तक्रारीला गेलो तर चौकीत ‘हा दिवाणी मामला आहे’ म्हणून अर्जही घेईनात. खोटा माल खरा म्हणून विकणं दिवाणी कसं, ते सांगायला कुणी तयार नाही. एका सरकारी कार्यालयात खोक्याचा फोटो दाखवला, तर साहेब मीटिंगमध्ये, पुढच्या आठवड्यात या. पुढच्या आठवड्यात वेगळं टेबल आणि प्रश्न तोच, ‘पक्कं बिल कुठंय?’ बिल न देणाऱ्याला कुणी काही विचारत नाही आणि बिल नसलेल्याला सगळे विचारतात! फसवणाऱ्याला हे पक्कं माहीत आहे, म्हणून तर तो फोनवर बेधडक म्हणतो, ‘जा कुठं जायचं तिथं.’

गेलोच. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर नोंद केली. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही, मुदत दोन वर्षांची आहे आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पैसे पाठवल्याचा यूपीआयचा पुरावा, चिठ्ठी, चॅट, काचेवरच्या फीलरचे फोटो आणि दुसऱ्या मेस्त्रीचं लेखी म्हणणं जोडलंय. काढलेलं ऑइल बाटलीत सीलबंद करून ठेवलंय, धाग्यांसकट.