ट्रायकोडर्मा पावडर: डिंक्यासाठी घ्यावी का?

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा दुकानामुळे कापला, पावडरीचा त्यात दोष नाही. ही पावडर म्हणजे मुळांजवळच्या रोगजंतूंना आवर घालणारी उपयोगी बुरशी.

आमची वरुड तालुक्यात संत्र्याची बाग, जमीन काळी आणि भारी. पाऊस लांबला की बुंध्याजवळ पाणी साचते, साल फाटते, डिंक गळतो आणि झाड पिवळं पडत जाते. हा डिंक्या फायटोफ्थोराचा, म्हणजे मातीतल्या बुरशीसारख्या रोगजंतूचा. त्यातली पाल्मिव्होरा नावाची जात तिकडे आफ्रिकेत कोकोच्या शेंगा काळ्या करते, तीच आपल्या संत्र्यालाही लागते. तिचे बीजाणू पाण्यात पोहतात, म्हणून साचलेलं पाणी हेच खरं दुखणं.

कृषी केंद्रात आधी जी पुडी दाखवली, ती टिनाखाली उन्हात ठेवलेली आणि मुदत संपत आलेली. मी परत केली. "ताई, पावडरच तर आहे, तिले काय होते?" असं दुकानदार म्हणाला. अहो, जिवंत बुरशी आहे ती, उन्हात मरते! वरून मोरचुदासोबत, म्हणजे तांब्याच्या औषधासोबत, एकाच ड्रममध्ये कालवायचा सल्लाही दिला. तांब्यानं ही बुरशीही मरते. तांब्याचं औषध दिलं तर पंधरा दिवस थांबूनच ही द्यायची, नाहीतर पैसे पाण्यात. शेवटी आतून ताजी पुडी निघाली.

ती चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळली, ओल्या पोत्याखाली सावलीत ठेवली. पांढरी-हिरवी बुरशी दिसल्यावर मृगाच्या पावसात झाडाला शंभर ग्रॅमच्या हिशेबानं आळ्यात दिली. कडेची एक ओळ मुद्दाम सोडली होती. दिवाळीनंतर उकरून पाहिलं तर पावडर दिलेल्या झाडांना पांढरी तंतुमुळं बरीच जास्त. मला तरी फरक पटला.

पण खालच्या कोपऱ्यात, जिथं पाणी तुंबते, तिथं पावडर देऊनही झाडं पिवळी पडलीच. तिथं चर खोदला आणि दुहेरी आळं केलं, म्हणजे बुंध्याला पाणी लागत नाही. आधीच डिंक गळत असलेल्या झाडांची साल खरवडून बोर्डो पेस्ट लावली: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. ती झाडं पेस्टनं सावरली, त्याचं श्रेय या पुडीला देणार नाही. ज्यांची साल सगळीकडून सडली होती ती उपटलीच.

रोग लागायच्या आधी द्यायची असेल तर बेलाशक घ्या. पुडीवरची मराठी सूचना मात्र इतकी बारीक छापली आहे की आमच्या मामंजींना भिंग घ्यावं लागलं.