गिटबरोबर येणारी प्रॉम्प्टची स्क्रिप्ट : एक परीक्षण

टर्मिनलवर काम करणाऱ्याला प्रत्येक कमांडपूर्वी जी छोटी ओळ, म्हणजे प्रॉम्प्ट, दिसते, तिच्यात वापरकर्त्याचे नाव, यंत्राचे नाव आणि चालू डिरेक्टरी एवढेच सहसा असते. आपण कोणत्या ब्रँचवर, म्हणजे कोडच्या कोणत्या शाखेवर, आहोत आणि तिथे काही अर्धवट राहिले आहे का, हे आपला कोड गिट या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रणालीत ठेवणाऱ्याला याहून अधिक गरजेचे असते आणि नेमके तेच तिथे नसते. ही उणीव भरणारी अनेक साधने आज उपलब्ध आहेत. त्यांपैकी गिटच्या स्वतःच्या ‘कॉन्ट्रिब’ या पूरक साधनांच्या विभागात मिळणाऱ्या ‘गिट-प्रॉम्प्ट’ या शेल स्क्रिप्टचे (शेल म्हणजे टर्मिनलमध्ये आपल्या कमांड चालवणारा प्रोग्राम) हे परीक्षण आहे. नव्या साधनांच्या झगमगाटात ती मागे पडल्यासारखी वाटते. माझ्या मते मात्र बहुतेकांनी सुरुवात तिच्यापासूनच करावी.

लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये गिट लिहिले आणि या स्क्रिप्टच्या माथ्यावर शॉन पिअर्स यांचे नाव २००६-०७ या सालांसह आहे, म्हणजे ती जवळजवळ गिटच्याच वयाची आहे. आधी ती बॅश या शेलच्या टॅब-पूर्तीच्या (टॅब दाबून कमांड पुरी करण्याच्या) फाइलमध्येच होती. २०१२ मध्ये तिला स्वतंत्र फाइल मिळाली. ती जीपीएल या मुक्त परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली मोफत मिळते. डेबियन आणि उबुंटूवर गिट बसवताच ती सोबत येते, फेडोरावर ‘शेअर’खालील गिटच्या डिरेक्टरीत सापडते आणि विंडोजवरच्या गिट बॅशमध्ये तर ती पहिल्यापासून चालूच असते. तिथे कंसात दिसणारे ब्रँचचे नाव तिचेच काम आहे, हे अनेक वर्षे ते पाहणाऱ्यांनाही ठाऊक नसते.

बसवणे सोपे आहे, पण दोन ठिकाणी हमखास अडखळायला होते. बॅशच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये स्क्रिप्ट लोड करायची आणि ‘पीएस१’ या व्हेरिएबलमध्ये तिचे फंक्शन बोलवायचे, इतकेच करायचे असते. मात्र ‘पीएस१’ची किंमत एकेरी अवतरणचिन्हांत लिहावी लागते. दुहेरी चिन्हे वापरली तर फंक्शन टर्मिनल उघडताना एकदाच चालते आणि त्या क्षणीची ब्रँच, किंवा बहुधा कोरी जागा, पुढे दिवसभर तशीच राहते. दुसरी अडचण रंगांची आहे. रंगाचे संकेत स्वतः लिहिताना ते उलट्या तिरक्या रेषेसह चौकोनी कंसांत गुंडाळले नाहीत, तर बॅश त्यांची लांबीही ओळीत मोजतो आणि लांब कमांड लिहिताना मजकूर स्वतःवरच चढू लागतो. झेडशेल या दुसऱ्या शेलमध्ये प्रॉम्प्टमध्ये लिहिलेले फंक्शन चालवून त्याचे उत्तर तिथे भरण्याची सेटिंग आधी चालू करावी लागते.

मूळ रूपात स्क्रिप्ट फक्त ब्रँच दाखवते. बाकी चिन्हे एकेक व्हेरिएबल देऊन चालू करायची असतात आणि ही रचना मला फार पसंत आहे, कारण कोणत्या माहितीसाठी किती वेळ मोजायचा याचा निर्णय वापरणाऱ्याकडे राहतो. ‘शोडर्टीस्टेट’ दिल्यास स्टेज न केलेल्या, म्हणजे पुढच्या कमिटसाठी (गिटमधील नोंदीसाठी) अजून न निवडलेल्या, बदलांसाठी ‘*’ आणि स्टेज केलेल्यांसाठी ‘+’ येतो. स्टॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या बाजूला ठेवलेल्या बदलांत, काही पडून असेल तर ‘$’ आणि गिटला अजून माहीत नसलेल्या फाइली असतील तर ‘%’ दिसतो. सर्व्हरवरील ब्रँचशी तुलना हवी असेल तर ‘शोअपस्ट्रीम’ला ‘ऑटो’ ही किंमत द्यायची; मग आपण मागे असू तर ‘<’, पुढे असू तर ‘>’, दोन्ही बाजूंना वेगवेगळे कमिट असतील तर ‘<>’ आणि फरक नसेल तर ‘=’ येतो. ‘ऑटो’च्या जागी ‘व्हर्बोज’ लिहिले तर किती कमिटचे अंतर आहे तेही आकड्यांत कळते. ही चिन्हे पाठ व्हायला थोडे दिवस लागतात आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती नक्कीच रुक्ष वाटतील.

यांतल्या ‘=’ या चिन्हावर मात्र डोळे झाकून विसंबू नये. ते ‘सर्व्हरवर नवे काही नाही’ असे सांगत नाही. स्क्रिप्ट नेटवर्कवर जातच नाही. शेवटच्या फेचच्या (सर्व्हरवरील नोंदी उतरवून घेण्याच्या) वेळी आपल्या संगणकावर नोंदवलेल्या सर्व्हरच्या ब्रँचशी ती तुलना करते. सकाळी फेच केले आणि दुपारी सहकाऱ्याने पुश केले, म्हणजे आपले कमिट सर्व्हरवर पाठवले, तरी संध्याकाळपर्यंत आपल्याला ‘=’च दिसत राहते. हा स्क्रिप्टचा दोष म्हणता येणार नाही, कारण प्रत्येक एंटरला सर्व्हरकडे विचारणा करणारा प्रॉम्प्ट कोणालाच परवडणार नाही. पण हे न कळल्यामुळे होणारे गैरसमज मी अनेक गटांत पाहिले आहेत. स्टारशिप या नव्या प्रॉम्प्ट-साधनाचे बाणही याच नोंदीवर चालतात, त्यामुळे साधन बदलून हा प्रश्न सुटत नाही.

मला या स्क्रिप्टचा सर्वांत मोठा उपयोग अर्धवट राहिलेल्या कामांत वाटतो. मर्ज (ब्रँच एकत्र करणे), चेरी-पिक (एखादा कमिट उचलून आणणे), रिव्हर्ट (कमिट उलटवणे) किंवा बायसेक्ट (दोष आणणारा कमिट शोधणे) मध्येच थांबले असेल तर उभ्या रेषेपुढे मोठ्या अक्षरांत तसे लिहून येते. रिबेस, म्हणजे आपले कमिट नव्या पायावर पुन्हा लावणे, चालू असेल तर कितव्या पायरीवर आहोत तेही दिसते, उदाहरणार्थ २/५. रिबेसच्या मधल्या काळात गिटच्या लेखी आपण कोणत्याच ब्रँचवर नसतो, तरी स्क्रिप्ट मूळ ब्रँचचे नाव शोधून दाखवते. जुन्या कमिटवर थेट उडी मारली असेल, म्हणजे हेड (आपली सध्याची जागा दाखवणारी खूण) कोणत्याही ब्रँचला जोडलेले नसेल, तर टॅगचे नाव किंवा कमिटचा लघुक्रमांक आणखी एका कंसात येतो. अशा अवस्थेत केलेले कमिट ब्रँच बदलताच नजरेआड होतात, म्हणून तो जादा कंस लक्षात ठेवण्यासारखा आहे. दुपारच्या जेवणापूर्वी सोडलेला रिबेस परत आल्यावर आठवतोच असे नाही. आणि ही माहिती ‘.गिट’ डिरेक्टरीतल्या मोजक्या फाइली पाहून मिळते, त्यामुळे तिला वेळही फारसा लागत नाही.

वेळ खातात ती ‘*’ आणि ‘%’ ही चिन्हे. बदल झाला आहे का हे ठरवण्यासाठी गिटला इंडेक्समधील, म्हणजे त्याच्या फाइलींच्या यादीतील, प्रत्येक फाइलची नोंद डिस्कवरील फाइलशी ताडून पाहावी लागते. ‘%’साठी तर नोंद नसलेल्या फाइली शोधत डिरेक्टरींचे सगळे झाड धुंडाळावे लागते. लहान प्रकल्पात हे जाणवत नाही, पण हजारो फाइलींच्या रेपोत (गिटने सांभाळलेल्या प्रकल्पात) किंवा नेटवर्कवरून जोडलेल्या डिस्कवर प्रत्येक एंटरनंतर कर्सर रेंगाळू लागतो. विंडोजवर नवी प्रोसेस सुरू करणे मुळातच महाग असल्याने गिट बॅशमध्ये ही दिरंगाई लवकर डोळ्यांत भरते. उपाय स्क्रिप्टमध्येच आहे: व्हेरिएबल सगळीकडे चालू ठेवून एखाद्या अवजड रेपोपुरती ती चिन्हे गिटच्या स्थानिक कॉन्फिगरेशनमधून बंद करता येतात. स्क्रिप्टचे दस्तऐवज म्हणजे तिच्याच डोक्यावरची टीप आहे. ती शांतपणे वाचली तर बाहेर शोधाशोध करावी लागत नाही.

सुरक्षिततेचा मुद्दा परीक्षणांत सहसा येत नाही, पण प्रॉम्प्ट ही आपण न सांगता चालणारी कमांड आहे, याचा विसर पडू नये. ब्रँचच्या नावात डॉलर आणि कंस चालतात; त्यामुळे ही स्क्रिप्ट ‘प्रॉम्प्ट-कमांड’ पद्धतीने (प्रत्येक प्रॉम्प्टआधी फंक्शन चालवून ‘पीएस१’ भरण्याच्या) वापरणाऱ्यांच्या शेलमध्ये खोडसाळ नावाची ब्रँच कमांड म्हणून चालवली जाण्याची शक्यता होती. ही फट २०१४ मध्ये बुजवली गेली. त्याहून व्यापक अडचण एप्रिल २०२२ मध्ये समोर आली. अनेकांच्या सामाईक यंत्रावर दुसऱ्याने वरच्या डिरेक्टरीत ‘.गिट’ तयार करून ठेवले, तर गिट जाणणारा प्रॉम्प्ट असलेल्याने त्याखालच्या डिरेक्टरीत नुसते पाऊल टाकले तरी त्या दुसऱ्याच्या कॉन्फिगरेशनमधली कमांड चालू शकत होती. गिटच्या २.३५.२ या आवृत्तीपासून परक्या मालकीच्या रेपोत काम करायला गिट नकार देतो. तेव्हा प्रॉम्प्ट कोणताही असो, गिट त्याहून जुने ठेवू नये.

स्टारशिप रस्ट भाषेत लिहिलेला आहे, २०१९ पासून उपलब्ध आहे आणि बॅश, झेडशेल, फिश, पॉवरशेल अशा अनेक शेलमध्ये एकाच ‘टॉमल’ फाइलवर (सेटिंग लिहिण्याच्या साध्या स्वरूपातील) चालतो. कामाच्या यंत्रावर विंडोज, घरी लिनक्स आणि सर्व्हरवर आणखी तिसरेच काही, अशी ज्यांची विभागणी आहे, त्यांच्यासाठी हा मोठाच फायदा आहे. दिसायला तो देखणा आहे आणि कॉन्फिगरेशन वाचायला सोपे आहे. मात्र गिटसोबत नोड, पायथन, रस्ट यांच्या आवृत्त्याही तो सांगू लागतो आणि लग्नपत्रिकेसारखी सगळ्यांची नावे एका ओळीत येतात. त्याची सजावट नीट दिसण्यासाठी नर्ड फॉन्ट (जादा चिन्हे असलेला फॉन्ट) बसवावा लागतो, नाहीतर चौकोन दिसतात. मोठ्या रेपोत गिटचे उत्तर ठरलेल्या मुदतीत, म्हणजे मुळात ५०० मिलिसेकंदांत, आले नाही तर तो इशारा छापून पुढे जातो. प्रॉम्प्ट अडकून राहण्यापेक्षा हे बरे, पण माहिती हवी तेव्हाच ती गायब होते.

झेडशेलपुरते बोलायचे तर पॉवरलेव्हल१०के हा प्रॉम्प्ट वेगाच्या बाबतीत या दोघांच्याही पुढे आहे. परंतु त्याच्या कर्त्यानेच नव्या सुविधा येणार नाहीत आणि बहुतेक दोष दुरुस्त होणार नाहीत असे जाहीर केलेले असल्यामुळे, आज नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी तो सुचवणार नाही.

बॅश वापरणाऱ्यांनी ‘गिट-प्रॉम्प्ट’ घ्यावी, ‘शोडर्टीस्टेट’ आणि ‘शोअपस्ट्रीम’ चालू ठेवावे आणि ‘%’ फक्त लहान प्रकल्पांत वापरावा. दुसऱ्याच्या सर्व्हरवर लॉगिन करून काम करणाऱ्यांना तर हाच मार्ग सोयीचा, कारण तिथे नवे काही बसवण्याची परवानगी बहुधा नसते आणि ही फाइल गिटसोबत आधीच तिथे असते. फिश शेलमध्ये याच स्क्रिप्टवर आधारलेले फंक्शन अंगभूत आहे, त्यामुळे ते वापरणाऱ्यांना वेगळे काही बसवण्याचे कारण नाही.